केंद्रीय मंत्रिपदांची वाटणी आणि आपले दोन जिल्हे

वाचकहो, माझ्या दवाखान्यात लक्षणे सांगून झाली की पेशंट हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, दिल्लीत आपलं कोण आहे?" आज उत्तर सोपे आहे. 2024 साली बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे काँग्रेस निवडून आली, सरकार राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे झाले. तेव्हा मंत्रिपरिषदेत आपले कोणी नाही. पण 'आहे' म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

मंत्रिपरिषद लोकसभेच्या 15 टक्क्यांहून मोठी करता येत नाही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा घातली. म्हणजे कमाल 81 जण. 9 जून 2024 रोजी पंतप्रधानांसह 72 जणांनी शपथ घेतली, त्यांत 11 मित्रपक्षांचे. वाटणी डोकी मोजून होते असे समजू नका. दोन खासदारांच्या जनता दलाचे कुमारस्वामी कॅबिनेट मंत्री झाले, तर सात खासदारांच्या शिंदेंच्या शिवसेनेला मिळाले ते स्वतंत्र प्रभाराचे एक राज्यमंत्रिपद. अजित पवारांच्या पक्षाने तेवढेच पद नाकारले, कारण त्यांचे प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते. घरातल्या लग्नात मानपानावरून रुसवे होतात, त्यातलाच हा प्रकार!

शिवसेनेच्या वाट्याला आलेले ते खाते माझ्या जिव्हाळ्याचे, आयुषचे. होमिओपॅथी त्यातच येते. गोव्याचे श्रीपाद नाईक तिथे स्वतंत्र प्रभारी होते, 2021 मध्ये सोनोवाल कॅबिनेट दर्जाने आले, आता बुलढाण्याचे प्रतापराव जाधव पुन्हा स्वतंत्र प्रभारी. असा मंत्री खाते स्वतः चालवतो. मात्र कॅबिनेटच्या बैठकीत त्याला आपला विषय असेल तेव्हाच बोलावतात. नुसत्या राज्यमंत्र्याच्या वर तर कॅबिनेट मंत्री असतो. आपल्या बीदरचे भगवंत खुबा 2021 ते 2024 खते-रसायने आणि नवीकरणीय ऊर्जा या खात्यांचे राज्यमंत्री होते. खताची वेळ आली की आपला शेतकरी त्यांच्याकडे बघे, शेवटचा शब्द मात्र वरच्या मंत्र्याचा.

कलबुर्गीचा अनुभव वेगळा. मल्लिकार्जुन खर्गे 2009 मध्ये कॅबिनेट दर्जाचे कामगारमंत्री झाले. कर्मचारी विमा महामंडळ त्याच खात्याखाली, म्हणून तर कलबुर्गीत त्याचे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभे दिसते. रेल्वे तेव्हा मित्रपक्ष तृणमूलकडे होती. तो पक्ष 2012 मध्ये बाहेर पडला, खाते काँग्रेसकडे परतले आणि जून 2013 मध्ये खर्गेंकडे आले. हाती जेमतेम अकरा महिने. कलबुर्गी रेल्वे विभागाची घोषणा त्याच काळातली. बीदर-कलबुर्गी मार्ग 2017 मध्ये सुरू झाला, विभाग मात्र अजून नाही.

त्यासाठी निवेदन धाडायचे असेल तर अश्विनी वैष्णव कॅबिनेट मंत्री आहेत आणि तुमकूरचे सोमण्णा राज्यमंत्री. दोघांच्या नावे वेगवेगळे पत्र लिहा.