नाबिरेच्या कातडीतून स्त्रीबीजाकडे

केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात नाजिन आणि फातू या मायलेकी हत्यारबंद पहाऱ्यात चरत असतात. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात उरल्या त्या एवढ्या दोघीच. शेवटचा नर, सुदान, मार्च २०१८मध्ये गेला. दोघींपैकी कुणालाच आता गर्भ पेलवणार नाही. नाजिनची स्त्रीबीजं काढणंही २०२१मध्ये थांबवलं. फातूची बीजं आणि नरांचं गोठवलेलं वीर्य यांतून भ्रूण तयार होतात खरे, पण आई एकच आणि बाप मोजके असले, तर पुढच्या पिढ्यांत सगळी भावंडंच.

म्हणून या कथेत नाबिरे महत्त्वाची ठरते. ही मादी २०१५मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. तिच्या कातडीच्या पेशी मात्र जपून ठेवल्या होत्या. २०२२च्या डिसेंबरात जपानच्या कात्सुहिको हायाशी यांच्या गटाने जाहीर केलं, की या पेशींपासून आद्य जननपेशींसारख्या पेशी तयार झाल्या आहेत. स्त्रीबीज आणि शुक्राणू या दोहोंची सुरुवात गर्भात जिथून होते, ती ही पहिली पायरी.

कातडीची पेशी इथवर येते ती उलट्या वाटेने. शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदरांवर दाखवलं, की चार जनुकं कामाला लावली तर प्रौढ पेशी पुन्हा मूळपेशी होते, शरीरातली कुठलीही पेशी बनण्याची क्षमता तिला परत मिळते. मग गर्भ ज्या संकेत-प्रथिनांनी काही पेशींना जननपेशी व्हायला सांगतो, तीच प्रथिनं बशीत, ठरावीक क्रमाने द्यायची. उंदरावर बेतलेली कृती मात्र सगळीकडे चालत नाही. केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या गटाने २०१५मध्ये दाखवलं, की माणसात या टप्प्याची किल्ली सॉक्स१७ या जनुकाकडे असते. उंदरात तसं नाही. गेंडा याबाबतीत माणसाच्या बाजूचा निघाला.

पुढची वाट याहून अवघड आहे. आईबापांकडून आलेल्या डीएनएवर रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं गप्प राहील, हे त्या ठरवतात. जननपेशीला त्या पुसून नव्याने उमटवाव्या लागतात. शिवाय गुणसूत्रांची संख्या अचूक निम्मी करावी लागते. एखादं गुणसूत्र कमी-जास्त झालं, तर भ्रूण बहुधा टिकत नाही.

आणि हे सगळं जननपेशीला एकटीने जमत नाही, हा मला यातला कळीचा मुद्दा वाटतो. दूध कितीही सकस असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं या पेशींना अंडाशयातल्या आधारपेशींची सोबत लागते. हायाशींच्या गटाने २०१६मध्ये उंदराच्या शेपटीच्या पेशींपासून बशीतच पूर्ण स्त्रीबीजं वाढवली, त्यांतून धडधाकट पिल्लं जन्मली. पण आधारपेशी घेतल्या होत्या उंदराच्या साडेबारा दिवसांच्या गर्भांतून. दोनच माद्या उरलेल्या प्राण्याच्या गर्भातल्या पेशी आणायच्या कुठून? उत्तराची दिशा २०२१मध्ये दिसली: उंदराच्या मूळपेशींपासून आधारपेशीही बनवता आल्या, आणि त्यांच्या सोबतीत वाढलेल्या बीजांतूनही पिल्लं झाली. गेंड्यात हे अजून व्हायचं आहे.

माणसातही घोडं इथेच अडलं आहे. क्योतोमध्ये मितिनोरी साइतो यांच्या गटाने २०१८मध्ये मानवी पेशींना उंदराच्या गर्भातल्या अंडाशयपेशींची सोबत दिली. सुमारे चार महिन्यांनी स्त्रीबीजाच्या आधीची अवस्था मिळाली, फलनायोग्य बीज नाही. कर्करोगाच्या उपचारात बीजं गमावलेल्या बायकांची आशा यात गुंतली आहे, म्हणूनच घाई नको. नर उंदराच्या पेशींपासून स्त्रीबीजं केली तेव्हा ६३० भ्रूणांतून सात पिल्लं जन्मली. उंदरात हा आकडा पराक्रमाचा असेल, दवाखान्यात तो कुणीही मान्य करू नये.

गेंड्यांना मात्र वेळ नाही. पांढऱ्या गेंड्याचा गर्भकाळच सुमारे सोळा महिन्यांचा. त्यात नव्या पिल्लाने आपल्या जातीचं वागणं-बोलणं नाजिन आणि फातू हयात असतानाच शिकावं, अशी शास्त्रज्ञांची इच्छा आहे. त्यामुळे फातूच्या बीजांचे भ्रूण दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या माद्यांच्या गर्भाशयात रुजवण्याचा प्रयत्न आधी, आणि नाबिरेच्या पेशींचं काम त्याच्या पाठोपाठ. पहिल्याने पिल्लू मिळेल. कळप हवा असेल तर दुसरं साधावंच लागेल.