१२० हर्ट्झचा मोबाईल घेताय? आधी पडद्याचा ताल समजून घ्या

मोबाईलच्या दुकानात गेलं की पहिलं ऐकायला मिळतं, "१२० हर्ट्झचा डिस्प्ले आहे, एकदम मख्खन." त्यासाठी जादा पैसे मोजायचे का?

पडदा सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ६० चा पडदा दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र मागतो, १२० चा दर ८.३ ला. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. चित्र तयार करतो प्रोसेसर. दोघांचा ताल जमला पाहिजे.

पडदा चित्र वरून खाली ओळीओळीने भरतो. अर्धवट भरलेला असताना नवं चित्र आलं, तर वर जुनं अन् खाली नवं, मधे फाटल्यासारखी रेघ. वाफा भरल्याशिवाय आपण दारं मोडत नाही, तसंच इथे. नवं चित्र बाजूला तयार ठेवायचं आणि पडदा पूर्ण भरला की मगच बदलायचं. याला व्हीसिंक म्हणतात. अँड्रॉइडच्या ४.१ आवृत्तीत, २०१२ साली, सगळं काम या तालावर बांधलं गेलं. गुगलने त्याला नाव दिलं 'प्रोजेक्ट बटर', म्हणजे लोणीच!

ही युक्ती जुनीच. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हाच्या प्रोजेक्टरमध्येही ती होती. फिल्म पुढे सरकताना फिरती पाती आडवी येऊन उजेड अडवते, चित्र जागेवर थांबलं की बाजूला होते. पातीचा ताल चुकला, की पडद्यावरची पांढरी अक्षरं वर-खाली ओघळल्यासारखी दिसतात.

आता पैशाचं. पडदा १२० चा, पण प्रोसेसर हलका असेल तर ८.३ मिलिसेकंदात चित्र तयार होत नाही. मग पडदा जुनंच चित्र पुन्हा दाखवतो आणि गेम अडकत चालतो. गाडी नवी, बैल थकलेला! व्हिडिओ तर बहुतेक सेकंदाला २४ ते ३० चित्रांचेच असतात, त्यामुळे यूट्यूबवर कांद्याचा भाव बघायला १२० चा काही उपयोग नाही. फरक कळतो तो व्हॉट्सॲप, फेसबुक बोटाने सरकवताना. वर बॅटरी जास्त जाते ती वेगळीच.

म्हणून दुकानात जाहिरातीचा व्हिडिओ बघत बसू नका. फोन हातात घ्या, लांबलचक यादी भरभर सरकवून बघा. पोरासाठी घेत असाल तर तो खेळतो तोच गेम लावायला सांगा.

फोन आधीच घेतला असेल आणि लाईटीची बोंब असेल, तर सेटिंगमध्ये डिस्प्ले, मग रिफ्रेश रेट उघडून ६० करून ठेवा. काही फोनवर तिथे 'मोशन स्मूदनेस' लिहिलेलं असतं. याने फोन बिघडत नाही, हवं तेव्हा परत १२० करता येतं.