‘गाडी लागणे’ : एक वाक्प्रयोग, एक विकार आणि रोलर कोस्टर

‘मला गाडी लागते’ हे वाक्य मराठी घरांतून इतक्या लहानपणापासून कानावर पडते की, त्यातील वैचित्र्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संदर्भावाचून ते पुढे ठेवल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. बोलणाऱ्यास कामासाठी वाहनाची गरज भासते, हा एक; आणि वाहनात बसले असता त्यास मळमळून वांती होते, हा दुसरा. वसई रोड स्थानकावर ‘गाडी लागली’ असे कोणी म्हणाले, तर तिसराच अर्थ निष्पन्न होतो : गाडी फलाटास येऊन उभी राहिली आहे, आणि जिना धावत उतरणे इष्ट आहे. ‘आता खंडाळा लागेल’ हा आणखी वेगळा. या चार उपयोगांत मराठी भाषकाचा घोटाळा सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे. ज्या विकारास हा प्रयोग नाव देतो त्याविषयीची एक समजूत त्याच्या घडणीतच सामावलेली आहे, आणि मनोरंजन-उद्यानांतील रोलर कोस्टरसमोर उभ्या राहिलेल्या मुलाला ‘बस’ म्हणावे की ‘नको’ म्हणावे, याचा निर्णय पुष्कळदा त्या समजुतीच्या आधाराने केला जातो.

प्रथम घडण पाहू. ‘मला गाडी लागली’, ‘मला बोट लागली’, ‘मला विमान लागले’ या वाक्यांत क्रियापद वाहनाच्या लिंगाप्रमाणे फिरते. मनुष्य चतुर्थीत राहतो. (‘बोट लागली’ आणि ‘बोट लागले’ यांत एका स्वराच्या फरकाने आगबोटीची जागा हाताचे बोट घेते, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) ‘लागणे’ याच्या मुळाशी संस्कृत ‘लग्’ हा धातू आहे, चिकटणे, संलग्न होणे हा त्याचा अर्थ. मराठीत त्याचा संसार फार मोठा झाला. भूक, तहान, झोप, उचकी लागते. या गोष्टी शरीराच्या आत उत्पन्न होतात. ठेच, ऊन, नजर लागते. या बाहेरून येतात. आणि सुपारी लागते. वाहनविकाराच्या दृष्टीने हे शेवटचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. पानसुपारीच्या तबकातली तीच सुपारी दहा जण खातात. नऊ जण गप्पा मारीत राहतात आणि दहाव्यास दरदरून घाम फुटतो, घेरी येते. दोष सुपारीचा म्हणावा तर इतर नऊ जण ठीक आहेत. खाणाऱ्याचा म्हणावा तर तो एरवी धडधाकट असतो. ‘लागणे’ हे क्रियापद दोहोंच्या संयोगास नाव देते आणि कोणासही दुबळा ठरवीत नाही. गाडीचेही तसेच आहे.

इतर भाषांनी हा अनुभव निराळ्या बाजूने पाहिला आहे. इंग्रजी भाषा वाहनाच्या नावास ‘आजारी’ हे विशेषण जोडते. फ्रेंचमध्ये तो ‘समुद्राचा त्रास’ होतो. जपानी भाषेत त्यास ‘वाहनाची नशा’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि झिंगलेल्या माणसाचे पाऊल ज्याने पाहिले आहे त्यास तो पटावा. मळमळ या अर्थाचा इंग्रजी ‘नॉशिया’ हा शब्द तर ग्रीक नौकावाचक शब्दावरून आला असून तो आपल्या ‘नौ’चा सगोत्र आहे. म्हणजे पोटात ढवळण्याची क्रिया प्रथम नौकेवर अनुभवली गेली, आणि मग कोणत्याही कारणाने ढवळले तरी नाव नौकेचेच राहिले. महाराष्ट्रातही मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, पणजी या बंदरांकडे आगबोटी जात त्या काळात ‘बोट लागणे’ हा घरोघरचा प्रयोग होता. पुढे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि घाटातल्या एस.टी.ने त्यास अखंड उदाहरणे पुरविली.

आता विकाराकडे वळू. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून डोके कोणत्या दिशेस वळले ते कळते. त्यांच्या लगतच्या दोन पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. सरळ रेषेतील वेगबदल व गुरुत्वाकर्षण यांची वार्ता ते देतात. ही वार्ता, डोळ्यांनी दिसणारे दृश्य आणि स्नायूंची जाणीव या तिहींचा मेळ मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे घालीत असतो. हा मेळ बिघडला की मळमळ सुरू होते, असे सर्वसाधारण स्वीकृत मत असून त्याचे व्यवस्थित प्रतिपादन रीझन आणि ब्रँड यांनी 1975 मध्ये केले. एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याचे डोळे सांगतात, ‘सर्व स्थिर आहे’. कान सांगतात, ‘वळण आले, खड्डा आला.’ अंतर्कर्णाचा यातील वाटा किती निर्णायक आहे हे मात्र पुष्कळ आधी दिसून आले होते. विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने 1882 मध्ये पाचशेहून अधिक मूकबधिरांची माहिती मिळविली, तेव्हा गरगर फिरविले तरी ज्यांना मुळीच चक्कर येत नाही अशांची संख्या त्यांत लक्षणीय निघाली. 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी अंतर्कर्ण निकामी झालेल्या काही जणांना उत्तर अटलांटिकच्या वादळात जहाजावर नेले. सोबतचे निरोगी लोक आजारी पडले. हे मात्र पडले नाहीत. तात्पर्य, ज्यास गाडी लागते त्याचा कान बिघडलेला नसून उत्तम चालू असतो. मुलाच्या मनाचा कमकुवतपणा म्हणून त्यास दटावणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

सगळी हालचाल सारखीच लागते असेही नाही. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, इतक्या मंद गतीचे वरखाली होणे सर्वांत अधिक मळमळविणारे असते, असे प्रयोगांती आढळले आहे. भरतीच्या लाटेवर डुलणारी होडी या गतीच्या जवळपास असते, आणि मऊ स्प्रिंगांची बसही तिच्याकडे झुकते. याउलट खडखडत जाणाऱ्या बैलगाडीचे धक्के हाडे खिळखिळी करतात, पण त्यांची गती जलद असल्यामुळे पोट ढवळत नाही. दुसरी गोष्ट कालावधीची. हा विकार साचत जातो; दहा मिनिटांत काही वाटत नाही, तासाभराने ओठ पांढरे पडतात.

या दोन कसोट्या रोलर कोस्टरला लावून पाहिल्या म्हणजे प्रचलित समजूत डळमळते. या यंत्राचा कुळवृत्तान्त मौजेचा आहे. रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांवरून ही कल्पना निघाली, म्हणून फ्रेंच व स्पॅनिश भाषांत त्यास ‘रशियन डोंगर’ म्हणतात; खुद्द रशियन भाषेत मात्र ते ‘अमेरिकन टेकड्या’ आहेत, कारण त्याचे आधुनिक रूप 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन याने उभारलेल्या रुळांपासून पसरले. मराठीने नवे नाव घडविण्याच्या भानगडीत न पडता ‘रोलर कोस्टर’ हाच शब्द घेतला. त्याच्याशी ‘लागणे’ सहसा जुळत नाही, हे लक्षणीय आहे. ‘मला रोलर कोस्टर लागतो’ असे क्वचितच ऐकू येते. ‘त्यात बसलो की चक्कर येते’, ‘पोटात गोळा येतो’ असे लोक म्हणतात. भाषेचा हा संकोच अनाठायी नव्हे. रोलर कोस्टरची फेरी दोनएक मिनिटांत आटोपते. तिच्यातील धक्के तीव्र असले तरी झपाट्याने पालटणारे असतात, आणि समोरचा रूळ दिसत असल्यामुळे डोळे व कान बहुतांशी एकच वार्ता देतात. पोटातला गोळा हा भयाचा आणि क्षणभर वजन हरवल्याचा असतो. तो मळमळीहून निराळा आहे. त्यामुळे ज्यास एस.टी. हमखास लागते, अशा पुष्कळांना एखादी फेरी निर्वेध पार पडल्याचे आश्चर्य वाटते. जत्रेतील चक्री व गोल फिरणारे पेले यांचे मात्र तसे नाही. सतत एकाच दिशेने फिरत राहिल्यास नलिकांतील द्रव शरीराबरोबर फिरू लागतो व कान ‘थांबलो’ म्हणून सांगतो. चक्री खरोखर थांबते तेव्हा तोच द्रव उलट दिशेची खोटी वार्ता देतो. फिरत असताना मान वाकविली तर दोन नलिकांची वार्ता एकमेकींत मिसळते, आणि भलाभला माणूस बाजूस जाऊन ओकतो.

वसईपुरते हे सारे अगदी प्रत्यक्षातले आहे. 1989 पासून 2022 पर्यंत येथील मुलांचे रोलर कोस्टर म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड. बोरिवलीवरून जावयाचे तर आधी लोकल, मग रस्ता, मग खाडीतली फेरीबोट, आणि इतके झाल्यावर उद्यानाचे दार. ते बंद झाल्यावर सहली खोपोलीजवळच्या, 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकाकडे जाऊ लागल्या. वसई गावातील होळीवरून भल्या पहाटे निघालेली बस घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठून पुढची लांब मजल करते. बोरघाट चढावा लागत नाही एवढेच काय ते सुख. वाहनविकार दोन वर्षांखालील अर्भकांत क्वचित आढळतो, पुढे वाढत जातो, नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, आणि मग ओसरू लागतो. म्हणजे शालेय सहलीचे वय आणि विकाराचे वय एकच. मूल तेथे पोचते तेव्हा मळमळ आधीच अर्ध्यावर आलेली असते. तशातच ते ‘नायट्रो’ या, पायांखाली मजला नसलेल्या व पाच ठिकाणी प्रवाशांना डोक्यावर उलटे करणाऱ्या कोस्टरवर बसते आणि उतरल्यावर ओकते. (‘उलटे’ आणि ‘उलटी’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, हा योगायोग म्हणता येत नाही.) दोष कोस्टरच्या माथी जातो, बस सुटते.

तेथीलच ‘मिस्टर इंडिया’ हा खेळ निराळ्या कारणाने विचारात घेण्याजोगा आहे. त्यात आसने जागच्या जागी हलतात व समोरचा पडदा वेगाने धावतो. डोळ्यांस प्रवास घडतो, शरीर मात्र फारसे कोठे जात नाही, एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याच्या नेमकी उलट तऱ्हा. वरकरणी सौम्य दिसणारा हा प्रकार गाडी लागणाऱ्यांना भव्य कोस्टरपेक्षा अधिक जड जाऊ शकतो. मोठ्या यंत्रास भ्यावे आणि लहानास भिऊ नये, हा न्याय येथे चालत नाही.

लक्षणांच्या शब्दांकडे शिक्षकांचे व वैद्यांचेही दुर्लक्ष होते. मळमळणे, ढवळणे, डचमळणे, उमासा येणे हे शब्द पोटाचे. भोवळ, घेरी, गरगरणे हे डोक्याचे. ‘भोवळ’ व ‘भोवरा’ दोन्ही ‘भ्रम्’ धातूच्या परिवारातले. आयुर्वेदाने हृल्लास, छर्दि आणि भ्रम अशी वेगळी नावे देऊन हे भेद राखले होते. आजच्या शहरी मराठीत एकट्या ‘चक्कर’ने या सर्वांचा घास घेतला आहे. खोली फिरते आहे असे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपू पाहणे, आणि चालताना तोल जाणे या तीन अवस्थांची कारणे भिन्न आहेत. दवाखान्यात तिन्हींस ‘चक्कर येते’ म्हणतात. जुने शब्द येथे नुसत्या अलंकाराचे नाहीत. वाहनाशी संबंध नसताना येणारी भोवळ, तिच्या जोडीस कानात आवाज किंवा कमी ऐकू येणे असेल, तर ती गाडी लागण्याच्या सदरात टाकून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. आणखी एक शब्द फसवा आहे. वांतीपूर्वी लाळ वाढते, जांभया येतात, थंड घाम सुटतो, मूल गप्प होते. ‘तोंडाला पाणी सुटणे’ हा प्रयोग आपण मिठाईपुढे वापरतो. बसमध्ये ते सुटले तर पिशवी काढावी.

औषधांविषयी थोडक्यात. 1947 मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सच्या गे व कार्लिनर या डॉक्टरांनी अंगावर उठणाऱ्या गांधींसाठी एका स्त्रीस नवे औषध दिले. त्याने तिला नेहमी लागणारी ट्राम लागेनाशी झाली. ड्रामामीन ते हेच. आपल्याकडील अव्होमीन त्याच प्रकारच्या औषधांपैकी आहे. अशा गोळ्या प्रवासापूर्वी घ्यावयाच्या असतात. मळमळ सुरू झाल्यावर पोट त्यांना धड पुढे सरकू देत नाही. त्यांनी गुंगी येते, यास्तव मुलांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. या विकारावरील हायोसिन हे द्रव्य धोतऱ्यातही सापडते. म्हणून धोतरा हुंगण्या-खाण्याचे घरगुती प्रयोग कोणी करू नयेत, तो विषारी आहे. आल्याचा तुकडा निरुपद्रवी असून काहींना उपयोगी पडतो. हृदयविकार, मानेचे वा पाठीचे दुखणे असलेल्यांनी व गर्भवतींनी कोस्टरपासून दूर राहावे हे वेगळे. त्याचा गाडी लागण्याशी संबंध नाही.

होळीवरून सहल निघताना ज्यास गाडी लागते त्यास पुढच्या बाकावर, नजर रस्त्यावर राहील असे बसवावे; हातात पुस्तक वा मोबाईल देऊ नये; पोट रिकामे नसावे आणि तेलकट भजींनी भरलेलेही नसावे. उद्यानात पोचल्यावर अर्धा तास सावलीत थांबू द्यावे. त्यानंतर कोस्टर, तोही रूळ स्पष्ट दिसेल अशा पुढच्या जागेवर, डोके आसनास टेकवून व डोळे उघडे ठेवून; आणि पुन्हा लगेच दुसरी फेरी नको. चक्री व पडद्यावरचे खेळ शेवटी ठेवावेत किंवा सोडून द्यावेत. परतीच्या बसमध्ये पुढचा बाक पुन्हा त्याचाच.