मोबाईलच्या वेशीवरचा नाका

जळगावच्या केळी-बागाईतदाराने भाव पाहण्यासाठी, अथवा धुळ्याच्या विद्यार्थ्याने निकाल पाहण्यासाठी मोबाईल उघडला, की आपण एकाच दुकानात शिरलो असे त्यास वाटते. वस्तुतः त्याच क्षणी त्याचा फोन जाहिरात-कंपन्यांच्या अनेक यंत्रांशी परस्पर बोलू लागतो. हा कुठल्या गावचा, काय वाचतो, याच्या नोंदी तिकडे जातात, आणि त्याच्यापुढे जाहिरात मांडण्याच्या हक्काचा लिलाव निमिषार्धात उरकतो. बाजार समितीच्या लिलावात मालाचा धनी समोर उभा असतो. येथे धन्याला वर्दीसुद्धा नसते.

कोणी म्हणेल, 'आमच्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय?' परंतु येथे प्रश्न बलाबलाचा आहे. पगार केव्हा संपतो, घरात आजार कोणता, हे कळले की कर्जाची जाहिरात नेमकी नडीच्या दिवशी पुढे करता येते. कामगाराची नड मालकास आधी कळली, तर वाटाघाटीचे काय होते, हे चळवळीतला कोणीही सांगेल.

यावर उपाय काय? ब्राउझरमध्ये बसविलेला जाहिरात-रोधक त्या ब्राउझरपुरताच चालतो. बाकीची अ‍ॅप मोकळीच राहतात. म्हणून नाका साऱ्या फोनच्या वेशीवर हवा. दूरच्या यंत्राशी बोलण्यापूर्वी फोनला बहुधा त्याच्या नावावरून अंकी पत्ता विचारावा लागतो. हे काम १९८३ साली योजिलेली डीएनएस पद्धती करते. पत्ता सांगणाऱ्याजवळ जाहिरातवाल्यांच्या नावांची काळी यादी दिली, की तो त्यांचा पत्ताच देत नाही. बोलणे तेथेच खुंटते. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आहे. तेथे अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचे नाव भरता येते. घरातल्या सर्व यंत्रांसाठी 'पाय-होल' ही मोफत प्रणाली लहानशा संगणकावर बसविता येते.

मात्र हा नाका सर्वसमर्थ नव्हे. यूट्यूबसारख्या ठिकाणी जाहिरात मूळ मालाच्याच गाडीतून येते. ती अडत नाही. आपण स्वतः ज्या अ‍ॅपला माहिती देतो, तीही थांबत नाही. शिवाय आपण कोणाकोणाचे पत्ते विचारतो, हे नाकेदाराला दिसते. तेव्हा नाकेदार पारखूनच नेमावा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण कामगार-कायद्यांचा अनुभव असा, की मागणारा संघटित नसेल तर कलम पुस्तकातच राहते. तेव्हा नाका ज्याने त्याने आजच बसवावा. कायदा राबवून घेण्याचे काम मात्र सर्वांनी मिळून करावयाचे आहे.