वृद्धांचें हृदय व ऊन पाणी

दावीद राजा वृद्ध झाला तेव्हां अंगावर कितीही पांघरुणें घातलीं तरी त्यास ऊब येत नसे, असें जुन्या करारांत सांगितलें आहे. ज्यांच्या घरीं आजोबा किंवा आजी आहेत, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पौष-माघांतील थंडीत आपल्या सिहोऱ्यांतील मुलें शेकोटीभोवतीं हसतखेळत बसतात. परंतु म्हाताऱ्या माणसांचे हातपाय उन्हें चढलीं तरी गारच राहतात. थंडीनें त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्ताचा दाब वाढतो व हृदयास अधिक जोर लावावा लागतो. मग ऊब देऊन याच्या उलट परिणाम घडवितां येईल काय, हा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

मनुष्य ऊन पाण्यांत बसला म्हणजे शरीर आंतील उष्णता बाहेर टाकूं लागतें. त्यासाठीं त्वचेंतील बारीक वाहिन्या रुंदावतात, नाडी जलद चालते व रक्ताचा प्रवाह वाढतो. हा प्रवाह वाहिन्यांच्या आंतील नाजूक अस्तरास घासून जातो, तेव्हां त्या अस्तरांतून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो आणि तो वाहिन्यांस सैल होण्याचा संदेश देतो. या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वय वाढतें तसतसें हें अस्तर सुस्त होतें व वाहिन्या कठीण होतात. चालण्याच्या व्यायामानें तें जसें जागृत राहतें, तसेंच कांहीं अंशीं उबेनेंही राहतें. गुडघेदुखीमुळें ज्यांस फार चालवत नाहीं, त्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे.

फिनलंड देशांत लांकडी खोलींत दगड तापवून घाम काढण्याची 'सौना' नांवाची पुरातन चाल आहे. तेथील कुओपिओ भागांतील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारें वीस वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. आठवड्यांतून एकदांच सौना घेणाऱ्यांपेक्षां चार ते सात वेळां घेणाऱ्यांमध्यें हृदयविकारानें होणारे आकस्मिक मृत्यु पुष्कळच कमी आढळले, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. जपानांतील तीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणींत (२०२०) जवळजवळ रोज टबांत बसून स्नान करणाऱ्यांस हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांचा धोका सुमारें २८ टक्के कमी दिसला. अर्थात् अशीं माणसें मूळचींच अधिक निरोगी असूं शकतील. म्हणून केवळ पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. परंतु अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठांत तरुण मंडळींस आठ आठवडे ऊन पाण्यांत बसवून प्रत्यक्ष प्रयोग केला, तेव्हांही त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचिक झाल्याचें २०१६ सालीं दिसून आलें.

आपल्या देशांतही हा विचार नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वेदाचे, म्हणजे शेकण्याचे, तेरा प्रकार वर्णिले आहेत. त्याच अध्यायांत दोन इशारे आहेत, ते आजही विसरूं नयेत. पहिला असा कीं, हृदयाच्या जागीं शेक अगदीं सौम्य द्यावा, किंबहुना देऊंच नये. आणि दुसरा असा कीं, मधुमेह झालेल्यास स्वेद देऊं नये. ऊब हें औषध खरें, परंतु औषधाप्रमाणेंच तिलाही मात्रा आहे.

घरगुती उपाय म्हणून पाय शेकणें हा सर्वांत सौम्य प्रकार होय. सर्वांग पाण्यांत बुडविण्याइतका लाभ त्यानें होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. पण धोका कमी आणि खर्च जवळजवळ नाहीं. पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या आपल्या भंडारा जिल्ह्यांत गंगाळ शोधावयास लांब जावें लागणार नाहीं. वृद्ध माणसास पाठ टेकतां येईल अशा खुर्चीवर बसवावें. पोटऱ्या बुडतील इतकें पाणी घ्यावें. त्याची उष्णता ३८ ते ४० अंश सेंटिग्रेड असावी. उष्णतामापक नसल्यास धडधाकट माणसानें आपलें कोपर बुडवून पाहावें, तें सुखावह वाटलें पाहिजे. पंधरा मिनिटें पुरेत. मग पाय कोरडे पुसून, पांघरूण घेऊन अर्धा तास पडून राहावें व थोडें पाणी प्यावें. उठतांना घाई करूं नये. वाहिन्या सैल झाल्यामुळें रक्तदाब उतरतो व भोंवळ येऊं शकते. म्हणून जवळ कोणीतरी असावेंच. जपानांतही स्नान करतांना शुद्ध हरपून टबांत बुडालेल्या वृद्धांची संख्या लहान नाहीं.

मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांस चटका कळत नाहीं आणि एका भाजण्यानें पाय गमावण्याची पाळी येते; त्यांनीं हा प्रयोग करूं नये. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातींत दुखत असेल, पायांवर सूज किंवा जखम असेल, तर डॉक्टरांस आधीं विचारावें. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनींही विचारावें व गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून ऊब घेणें तर प्राणघातक आहे. तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु ना दिसतो, ना त्यास वास येतो. आणि वैशाख-ज्येष्ठांत, जेव्हां आपल्या भागांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां हा उपचार सोडून द्यावा. त्या दिवसांत उष्णता हीच वृद्ध हृदयाची वैरी होते.

विद्यार्थिमित्रहो, आईबापांचा मान राखावा ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतों. आजीसाठीं पाणी तापविणें, त्यांत स्वतःचें कोपर बुडवून पाहणें, आणि ती उठून स्थिर उभी राहीपर्यंत तिचा हात न सोडणें, हेंही त्याच आज्ञेचें पालन होय. पाण्याची ऊब पंधरा मिनिटांत निवते. परंतु जवळ बसलेल्या नातवंडाची सोबत म्हाताऱ्या जिवास पुष्कळ वेळ पुरते.