फोटोची मागची बाजू

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी ओटीवर सात तसबिरी आहेत. भिंतीच्या वरच्या अंगाला, खालून बघणाऱ्याला दिसाव्यात म्हणून किंचित पुढे झुकवून टांगलेल्या. वर्षातून एकदा, गणपतीआधीच्या साफसफाईत, त्या खाली उतरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा खिळ्यावर चढतात. तीन वर्षांपूर्वी या कामात पणजीच्या तसबिरीची मागची फळी वाळवीने खाल्लेली निघाली आणि फोटो हातात आला. काचेतून कधी न दिसलेली एक गोष्ट तेव्हा दिसली. पणजीच्या डाव्या खांद्याला लागून करड्या रंगाचा एक पट्टा ब्रशने भरलेला होता. फोटो उजेडात तिरपा धरला की त्या रंगाखाली दुसऱ्या कोणाचा तरी खांदा दिसत होता.

म्हणजे पणजीचा एकटीचा असा फोटो कधी निघालाच नव्हता. कुठल्या तरी ग्रुप फोटोतून तिला वेगळे काढून, मोठे करून, शेजारच्या माणसाला पुसून ती भिंतीवर आली होती. पुढे नात्यातल्या आणि शेजारच्या घरांतल्या तसबिरी, ट्रंका, बिस्किटांचे डबे बघत गेले, तेव्हा कळले की ही युक्ती आमच्या एकट्या घराची नाही. माणूस गेल्यावर भिंतीसाठी फोटो हवा असे. हयातीत तो काढलेला नसे. मग एखाद्या लग्नामुंजीच्या फोटोत तो माणूस सापडे आणि मुंबई-पुण्याचा किंवा गावातला स्टुडिओवाला त्याला ‘एन्लार्ज’ करून देई. कोट नसला तर कोट चढवी, विस्कटलेला पदर नीट करी.

या शोधातून माझ्यापुरता जो निष्कर्ष निघाला तो आधीच सांगते. फोटो आठवण जपतो असे आपण म्हणतो, पण तो जपतो फक्त चेहरा. तो चेहरा कोणाचा, प्रसंग कोणता आणि त्या दिवशी घरात असूनही चौकटीबाहेर कोण राहिले, हे फोटोत नसते. ते सांगणारे माणूस गेले की फोटो शाबूत असूनही आठवण संपते.

फ्रान्समध्ये डागेरने आपली पद्धत जाहीर केली १८३९ साली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय लोकही होते. तरीही कॅमेरा मुंबईहून कोकणातल्या सामान्य घरात पोहोचायला आणखी काही पिढ्या लागल्या. खर्च हे एक कारण. भीती हे दुसरे. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही समजूत आमच्याकडे अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत ऐकू येई. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गुजरातेत फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो या समजुतीचा त्यांच्या धंद्याला फटका बसल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

म्हणून आपल्या जुन्या फोटोंचा पहिला नियम असा, की ते सहज काढलेले नाहीत. त्यांना निमित्त लागले आहे. मुंज, लग्न, मॅट्रिक झालेला मुलगा, आफ्रिकेला किंवा विलायतेला निघालेला भाऊ, नोकरीतला निरोपसमारंभ, एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन. बाळाचे बारसे जुन्या फोटोंत क्वचित दिसते, कारण तान्ह्या मुलाला दृष्ट लागण्याची धास्ती मोठी. नवराबायकोचा जोडीचा फोटो पुष्कळदा लग्नानंतर कित्येक वर्षांनी, एखाद्या मुंबईफेरीत काढलेला असतो. दोन खुर्च्या, मधे तिपाई, मागे रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर कोकणात कुठेच नसलेला संगमरवरी जिना.

या फोटोंत कोणी हसत नाही, याचे कारण पूर्वी प्लेट उजेडात बराच वेळ धरावी लागे, असे सांगतात. १८५१ नंतरच्या ओल्या काचप्लेटच्या काळात काही सेकंद निश्चल बसावे लागे, हे खरेच. पण १९०० पर्यंत कोरड्या प्लेटा सर्रास झाल्या होत्या आणि चांगल्या उजेडात सेकंदाच्या अंशातही काम होई. तरी आमची माणसे पुढची पन्नास वर्षे गंभीरच राहिली. तो गंभीरपणा यंत्राचा नव्हे, प्रसंगाचा होता. आयुष्यात एकदाच निघणारा फोटो पुढच्या पिढ्यांसाठी आहे हे बसणाऱ्यांना ठाऊक होते.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर ज्या कुटुंबाचे आयुष्य सर्वांत बारकाईने नोंदले गेले, ते मूळचे इथले नव्हतेच. १८८५ साली पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीत आणला गेला आणि तीस वर्षांनी, १९१६ साली, इथेच वारला. त्याच्या चार मुलींपैकी सर्वांत धाकटी इथेच जन्मली. ब्रह्मी मुलींचा कान टोचण्याचा विधी म्हणजे वयात येण्याचा सोहळा. एरवी तो लहान वयात होतो. या चौघींचा तो वर्षानुवर्षे लांबत गेला आणि राजवाड्यात राहायला गेल्यानंतर पार पडला, तेव्हा चौघीही विशी ओलांडलेल्या होत्या. या कुटुंबाची रत्नागिरीतल्या काळातली छायाचित्रे आज पाहायला मिळतात. थोरली राजकन्या पुढे ब्रह्मदेशातून रत्नागिरीला परतली आणि १९४७ साली इथेच वारली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत इथेच म्हातारी झाली.

ही छायाचित्रे आपण वाचू शकतो ती त्यांच्या शेजारी कागद आहे म्हणून. सरकारचा पहारा होता, त्यामुळे खर्च, आजार, भांडणे, समारंभ सगळे दप्तरात उतरले. सुधा शहा यांनी ती दप्तरे आणि वंशजांच्या आठवणी एकत्र आणून २०१२ मध्ये ‘द किंग इन एक्झाइल’ हे पुस्तक लिहिले. हा कागद काढून घेतला, तर उरतात अनोळखी पोशाखातल्या चार अनोळखी बायका.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकत असताना १० ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांचा जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनींबरोबर एक फोटो निघाला. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. फोटोखाली नावे आणि गावे लिहिली आहेत, आणि ती चुकीचीही आहेत: बंगालमधल्या श्रीरामपूरचे नाव पार वेडेवाकडे उमटले आहे. पण ती चुकीची नावे होती म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना योग्य माणसांपर्यंत जाता आले. चुकीचे नाव दुरुस्त करता येते. कोऱ्या पाठीचे काही करता येत नाही.

आता कागदाकडे वळू, कारण नावे लिहायची तर आधी फोटो टिकायला हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. फोटोवरचा चकचकीत थर जिलेटिनचा असतो, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या प्रथिनाचा. आर्द्रता साधारण पासष्ट टक्क्यांपलीकडे गेली की त्यावर बुरशी पोसली जाते. तो थर ओलाव्याने फुगतो, मऊ होतो आणि काचेला टेकलेला असेल तर तिला चिकटतो. आमच्या सातांपैकी दोन तसबिरींची ही गत झाली आहे.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर झाक दिसते; ती प्रतिमेतली चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण. सगळा फोटो पिवळा पडला असेल, तर पुष्कळदा दोष धुण्याचा. ‘हायपो’ नावाचे रसायन पाण्याने पुरते निघाले नाही, तर ते वर्षानुवर्षे चांदी खात राहते. रंगीत फोटोंची कथा वेगळी. त्यांत चांदी उरत नाही, तीन रंगद्रव्ये असतात. १९७० च्या दशकातल्या पुष्कळ कागदांत त्यांतले निळसर द्रव्य अंधारातही आधी उडते, म्हणून त्या काळची लग्ने अल्बममध्ये लालसर होऊन बसली आहेत. आजोबांची मुंज आईबाबांच्या लग्नापेक्षा स्पष्ट दिसते, ते यामुळे.

उपाय साधे आहेत. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये. आहे तसाच काचेतून त्याचा फोटो घ्यावा. सुटा असेल तर पुन्हा चौकटीत घालताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी. पावसाळ्यात सर्द होणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर लावू नये. ट्रंक माळ्यावर किंवा जमिनीलगत ठेवू नये. चिकट पानांचे अल्बम आणि वासाच्या प्लास्टिक पिशव्या टाळाव्यात. आम्लरहित कागदाची पाकिटे बरी. स्कॅन करताना पाठही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, पोस्टाचा ठसा, कोणाचे तरी अक्षर तिथेच असते. पाठीवर लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा नावे पाकिटावर लिहावीत आणि मगच फोटो आत घालावा.

हे सगळे शिकत असताना पणजीचा मूळ ग्रुप फोटो मला एका चुलत घराण्याच्या ट्रंकेत मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मुंजीचा. तारीख नाही, नावे नाहीत. बटूच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या वयावरून तो १९३० नंतरच्या दशकातला ठरतो. त्या फोटोत मांडीवर बसलेली ती मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. त्यातल्या माणसांना प्रत्यक्ष पाहिलेली ती शेवटची.

मी फोटो घेऊन तिच्याकडे गेले. तिने चष्मा पुसला आणि डावीकडून सुरुवात केली. नऊ माणसे, नऊ नावे. एकाच्या बाबतीत अडखळली आणि जेवल्यानंतर आपणहून नाव सांगितले. पणजीशेजारचा पुसलेला खांदा तिच्या धाकट्या जावेचा निघाला. बाळंतपणात गेली, तिचा दुसरा फोटो नाही. तसबिरीत आम्ही रंगाने जी झाकली, तिची तेवढीच खूण जगात होती.

“आणि माई?” मी विचारले. माई म्हणजे पणजोबांची बालविधवा बहीण. घरातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणे आणि आजारपणे तिने काढली, असे ऐकत मी वाढले.

“माई आत,” आत्या म्हणाली. “आलवणातली बाई मुंजीच्या फोटोत कशी यायची गो? पंगतीचा सगळा सोवळ्यातला स्वयंपाक मात्र तिचा. खिडकीतून बघत होती, असं आई सांगायची.”

फोटोत माणसांच्या मागे खरोखरच एक खिडकी आहे. घरी येऊन मी तो भाग स्कॅन करून जमेल तेवढा मोठा केला, उजळवला. गजांमागे काळोख आहे. दुसरे काही नाही. कॅमेऱ्याने तिला पकडले नव्हते आणि आता कोणतेही यंत्र पकडू शकणार नाही.

मूळ फोटोच्या पाठीवर मी मऊ पेन्सिलीने नऊ नावे लिहिली, नाते लिहिले, ती कोणी सांगितली ते लिहिले. मग खाली दहावे नाव लिहिले: माई. आणि त्यापुढे, ‘खिडकीच्या आत’.