खुर्चीत बसून शिकविता येणारा खेळ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत कुत्रे घर राखते, शेतावर जाते आणि चैत्रात मोहफुले वेचणाऱ्यांमागे पहाटे रानातही शिरते. त्याला कसरती शिकवाव्यात, ही कल्पना अनेकांना शहरी चोचला वाटेल. परंतु घरात गुडघ्यांनी जेरीस आलेले आजोबा आणि अंगणात एक चपळ, रिकामटेकडे कुत्रे असेल, तर हा चोचला दोघांच्याही उपयोगी पडतो.

अडथळ्यांवरून कुत्रे पळविण्याच्या खेळास ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणतात. १९७८ साली लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ श्वानप्रदर्शनात तो प्रथम दाखविला गेला. यात कुत्र्यास साखळी नसते, हातही लावायचा नसतो. आवाज आणि इशारा यांवरच सारे चालते. म्हणूनच तो बसूनही शिकविता येतो.

आजोबांनी भक्कम खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसावे. जवळ वाटीत उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे असावेत. अंगणात एक खराटा आडवा टाकावा, एखादे रिकामे खोके ठेवावे आणि कुत्र्यास मोकळे सोडावे. आज्ञा मुळीच देऊ नये. ते हुंगेल, भटकेल, आपल्याकडे पाहील. चुकून खराट्यावर पाऊल पडले, की त्याच क्षणी ‘शाब्बास!’ आणि तुकडा. थोड्याच वेळात ते मुद्दाम पाऊल ठेवू लागते. मग खराटा ओलांडला तरच तुकडा. आज्ञेचा शब्द सर्वांत शेवटी जोडावा. शाब्बासकीस उशीर झाला, तर कुत्रे भलतेच शिकते. त्यामुळे शिकविणाऱ्याची नजर, हात आणि आवाज सतत सावध राहतात. पाच मिनिटे पुरेत. कंटाळा येण्यापूर्वीच थांबावे.

या साऱ्या खेळांत माझ्या मते आपल्या भागात सर्वांत मोलाचा एकच : हाक मारताच परत येणे. बिबट्यासाठी कुत्रे हे सोपे भक्ष्य आहे, आणि अंधारात कुत्र्यामागे धावणारा माणूसही संकटात सापडतो. म्हणून खेळ दिवसाउजेडी, कुंपणाच्या आत घ्यावा आणि रात्री कुत्रे घरात घ्यावे. हाकेला आलेल्या कुत्र्यास कधीही रागावू नये, मग ते कितीही उशिरा का येईना. रागावणे झाले, की पुढच्या वेळी ते हाक ऐकून दूरच उभे राहते. प्रत्येक वेळी तुकडा द्यावा, लाड करावेत आणि लगेच पुन्हा मोकळे सोडावे. हाक म्हणजे खेळाचा शेवट, असे त्यास वाटता कामा नये.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा अंगण तापण्याआधी, सकाळी उजाडल्यावरच खेळावे. पाण्याचे भांडे जवळ हवे. वर्षाच्या आतील पिल्लांना व म्हाताऱ्या कुत्र्यांना उंच उड्या नकोत. चॉकलेट, मनुका, द्राक्षे आणि कांदा कुत्र्यांना घातक आहेत.

काळजीवाहकांनी खेळ संपताच खराटा उचलून ठेवावा. तोच अडखळण्याचे कारण होतो. साखळी ज्येष्ठांच्या मनगटास गुंडाळू देऊ नये. कुत्र्यास रेबीजची लस वेळेवर द्यावी. लस दिलेली असली, तरी दात किंवा नख लागून रक्त आले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठावे.